ठासणीच्या रायफलीवरील दुर्बीण

ज्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, तिला मराठीत ठासणीची बंदूक म्हणतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावरील गावांत शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या अशा बंदुका अद्यापही आढळतात, आणि गज, केप, बार, छर्रा हे त्यांच्याबरोबर आलेले शब्दही तेथील बोलीत टिकून आहेत. करमणुकीसाठी होणारी शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि १९९१ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीनंतर तर पुरतीच, आपल्या देशात बंद झाली. तेव्हा येथे ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो आपल्याकडील नव्हे. तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. तेथे हरणांची शिकार हा राज्याराज्यांच्या कायद्याने आखून दिलेला आणि हंगामाने बांधलेला व्यवहार आहे, आणि ठासणीच्या रायफलीला त्या व्यवहारात स्वतःची अशी वेगळी जागा आहे.

प्रश्न असा: अशा रायफलीवर दुर्बीण बसवावयाची झाल्यास ती कोणती असावी? दुकानदाराला विचारले तर तो मोठ्या भिंगाची आणि जास्तीत जास्त विवर्धनाची दुर्बीण पुढे करील. परंतु ठासणीच्या रायफलीतून एका वेळी एकच गोळी सुटते. दुसरा बार भरावयास सरावलेल्या हातांनाही अर्धे ते एक मिनिट लागते, आणि तेवढ्या वेळात हरीण दिसेनासे झालेले असते. पहिली गोळी चुकली तर फारसे बिघडत नाही. ती अर्धवट लागली, तर मात्र एक जखमी जनावर रात्रभर रानात कुठेतरी पडून राहते, आणि बहुधा ते कोणाच्याही हाती लागत नाही. दुर्बिणीची निवड करताना हे जनावर डोळ्यांपुढे ठेवले, म्हणजे दुकानातील पुष्कळशा आकर्षक वस्तू आपोआप बाजूला पडतात.

भिंगांकडे वळण्यापूर्वी कायद्याकडे वळावे लागते, कारण काही ठिकाणी निवडीचा प्रश्न तेथेच संपतो. अमेरिकेतील अनेक राज्यांनी ठासणीच्या बंदुकांसाठी स्वतंत्र हंगाम ठेवलेला आहे. नेहमीच्या रायफलींचा हंगाम सुरू होण्याआधी किंवा तो संपल्यानंतर काही दिवस केवळ ठासणीच्या बंदुकीने शिकार करता येते. ही सवलत देण्यामागील विचार सरळ होता. ज्याच्या हाती एकच बार आहे आणि ज्याच्या बंदुकीचा पल्ला शंभर यार्डांच्या आसपास संपतो, तो शिकारी थोडीच जनावरे मारणार. म्हणून त्याला रानात अधिक दिवस मोकळीक देण्यास हरकत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकांचा हंगाम आहे. नाताळानंतरच्या कडाक्याच्या थंडीत तो येतो आणि त्यात दुर्बिणीला मज्जाव आहे. त्याच राज्यात ऑक्टोबर महिन्यात ठासणीच्या बंदुकांचा जो दुसरा हंगाम असतो, त्यात मात्र दुर्बीण चालते. कोलोरॅडो राज्याने आपल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण वर्ज्य ठरवली. नळीवरील माशी आणि मागची खाच यांवरच तेथे भिस्त ठेवावी लागते. यूटा राज्याने २०१६ मध्ये विवर्धन करणाऱ्या दुर्बिणीला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा आवरती घेतली. आठ वर्षांत एका राज्याचे मत असे दोनदा फिरले, यावरून हा वाद तेथे किती जिवंत आहे, हे कळून येते.

या वादाचे मूळ १९८५ मध्ये आहे. त्या वर्षी टोनी नाइट नावाच्या बंदूककाराने एमके-८५ ही ठासणीची रायफल बाजारात आणली. जुन्या बंदुकीत ठिणगी बाजूने येते. नळीच्या कडेला घोडा असतो, तो केपेवर आपटतो, आणि ज्वाला एका वळणातून दारूपर्यंत पोहोचते. नाइटच्या रायफलीत केप नळीच्या बरोबर मागे, दारूच्या सरळ रेषेत आली. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. परंतु तिला व्यवहारात आणण्याचे श्रेय नाइटकडे जाते. अशा सरळ रेषेच्या रायफलीचा मागचा भाग आधुनिक रायफलीसारखा सपाट आणि मोकळा असतो. त्यामुळे दुर्बीण बसवावयास तेथे आयतीच जागा मिळाली. नंतर कोळशाच्या काळ्या दारूऐवजी वापरावयाची नवी दारू, तिच्या मोजून तयार केलेल्या वड्या, आणि प्लास्टिकच्या खोळीत बसवलेली टोकदार गोळी, हे सर्व एकामागून एक आले. जुन्या बंदुकीचे प्रेम असलेले शिकारी विचारू लागले, की ज्या उणिवेसाठी हा हंगाम मिळाला ती उणीवच नाहीशी केली, तर हंगाम कशासाठी राखून ठेवावयाचा? दुसरा पक्ष म्हणतो, की पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला माशी, खाच आणि हरीण ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. त्याला दुर्बीण दिली तर गोळी अचूक लागेल आणि जनावर तडफडणार नाही. आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्याला एक अट आपोआप चिकटते: दुर्बीण अचूकतेसाठी असावी, अंतर वाढवण्यासाठी नव्हे.

ठासणीच्या रायफलीवर दुर्बीण म्हणजे आधुनिकांचे थेर, असा समज पुष्कळांचा असतो. तो इतिहासाला धरून नाही. जॉन चॅपमन याच्या १८४० च्या दशकातील अमेरिकन रायफलीवरील पुस्तकात दुर्बिणीसह रायफलीचे वर्णन आहे. न्यूयॉर्क राज्यातील यूटिका येथील मॉर्गन जेम्स हा बंदूककार त्या काळात अशा रायफली बनवीत असे. १८५५ मध्ये त्याच राज्यातील सिरॅक्यूज येथे विल्यम माल्कम याने बंदुकीवरील दुर्बिणी तयार करण्याचा धंदाच सुरू केला. त्या दुर्बिणी जेमतेम पाऊण इंच व्यासाच्या, परंतु जवळजवळ नळीइतक्या लांब असत. त्यांतून दिसणारे क्षेत्र अरुंद आणि प्रकाश बेताचाच असे. तरीही रंगदोष टाळणारी जोडभिंगे वापरल्यामुळे माल्कमच्या दुर्बिणी पूर्वीच्या मानाने पुष्कळच स्वच्छ होत्या.

याच इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात नोकरी केलेला डेव्हिड डेव्हिडसन नावाचा स्कॉटिश अधिकारी बंदुकीवरील दुर्बिणीच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी दुर्बीण नळीच्या वर न बसवता डाव्या अंगाला बसवीत. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांच्या निवडक नेमबाजांनी जोसेफ व्हिटवर्थ याच्या षट्कोनी नळीच्या इंग्लिश रायफली वापरल्या, त्यांतील काहींवर ही दुर्बीण होती. त्या रायफलीही ठासणीच्याच. आपल्या ‘दुर्बीण’ या शब्दाचा मूळ फारशी अर्थ ‘दूरचे पाहणारी’ एवढाच आहे. दूरचे पाहणे आणि दूरचे मारणे यांतील फरक त्या शब्दाने बरोबर राखला आहे. पुढील विवेचनात तो आपल्या कामी येईल.

गोळीचा विचार दुर्बिणीच्या आधी का करावयाचा, ते एका उदाहरणाने पाहू. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे पन्नास कॅलिबरच्या नळीत तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळून जी शिशाची गोल गोळी ठासतात, तिचे वजन साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम असते. ९० ग्रेन दारूवर ती नळीतून सेकंदाला सुमारे ५५० मीटर वेगाने निघते. परंतु गोल आकार हवेला फार अडतो. शंभर यार्डांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग ३२० मीटरांच्या आसपास आलेला असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणजे या शंभर यार्डांत गोळीची दोन-तृतीयांश शक्ती हवेत खर्ची पडली. अशा रायफलीवर कितीही भारी दुर्बीण चढवली तरी त्या गोळीच्या अंगी शंभर यार्डांपलीकडे बळ येत नाही. गोल गोळी वापरणाऱ्याला खरे पाहता दुर्बीण नसली तरी चालते; आणि घ्यावयाचीच असेल तर दुप्पट किंवा फार तर चौपट विवर्धनाची, लहानखुरी पुरे.

प्लास्टिकच्या खोळीतील टोकदार गोळीची गोष्ट निराळी आहे. समजा, २५० ग्रेनांची अशी गोळी दीडशे ग्रेनांच्या भारावर सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने सुटली, आणि दुर्बिणीचा नेम दीडशे यार्डांवर जुळवलेला आहे. तर शंभर यार्डांवर ती नेमाच्या सुमारे तीन इंच वर लागेल, दोनशे यार्डांवर सुमारे आठ इंच खाली आणि अडीचशे यार्डांवर वीस इंचांहूनही अधिक खाली. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीतील जो भाग लागला असता ते तत्काळ मरते, तो सुमारे आठ इंच व्यासाचा असतो. याचा अर्थ असा, की दीडशे यार्डांपर्यंत शिकाऱ्याने छातीच्या मध्यावर नेम धरावा आणि चाप ओढावा, हिशेबाची गरज नाही. दोनशेवर हिशेब करावा लागतो. अडीचशेवर तो हिशेब अंतराच्या दहा-पंधरा यार्डांच्या चुकीनेही कोलमडतो. शिवाय वारा आहेच. ताशी १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा ही गोळी दोनशे यार्डांवर जवळजवळ एक फूट बाजूला नेतो. झाडाची बारीक फांदी हलावी इतपतच तो वारा असतो. दुर्बिणीतून तो दिसतही नाही.

येथे दुर्बीण एक फसवणूक करते, आणि ती चांगल्या दुर्बिणीतच अधिक होते. नवपट विवर्धनातून अडीचशे यार्डांवरील हरीण उघड्या डोळ्यांना अठ्ठावीस यार्डांवर दिसावे तेवढे मोठे दिसते. त्याचे कान हलताना दिसतात. मग ते हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटते आणि बोट चापाकडे जाते. गोळीला मात्र पूर्ण अडीचशे यार्ड चालावे लागते. विवर्धन मर्यादित ठेवावे, या सल्ल्याचे खरे कारण हेच होय. पैशाची बचत हे दुय्यम आहे.

आता प्रकाशाचा विचार करू, कारण हरणाच्या शिकारीतील महत्त्वाचा काळ पहाटेचा आणि सांजेचा असतो. पुष्कळ राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी कायदेशीर वेळ असते, आणि हरणे रानाच्या कडेला येतात ती याच दोन टोकांना. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहिले, तर मागच्या भिंगात प्रकाशाची एक वाटोळी टिकली दिसते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले की या टिकलीचा व्यास मिळतो. पुढचे भिंग ३२ मिलिमीटरचे आणि विवर्धन चौपट असेल, तर टिकली ८ मिलिमीटरची. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर रुंदावते; वय वाढले की ती इतकी फाकत नाही, पाचच्या आसपास थांबते. तेव्हा चौपट विवर्धनाची ही साधी दुर्बीण डोळा घेऊ शकेल तेवढा सर्व प्रकाश त्याला देते, वर थोडा उरतोही. उलट ४० मिलिमीटरच्या भिंगावर विवर्धन बारापट केले, तर टिकली ३.३ मिलिमीटरची होते. संध्याकाळी चित्र मोठे दिसते खरे, पण काळपट दिसते.

टिकली मोठी असण्याचा आणखी एक लाभ आहे, तो फारसा सांगितला जात नाही. टिकली लहान असली तर डोळा नेमका तिच्यावर आणावा लागतो. जरा सरकला की चित्र काळे पडते. जाड कपडे घातलेला, थंडीने आखडलेला शिकारी झाडावरील मचाणात अवघडून वळतो, तेव्हा गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी येईल याची शाश्वती नसते. आठ मिलिमीटरच्या टिकलीत ही चूक खपून जाते. दृष्टिक्षेत्राचेही तसेच. चौपट विवर्धनातून शंभर यार्डांवर पंचवीस-तीस फूट रुंदीचा रानाचा तुकडा दिसतो. नवपटीतून त्याच्या निम्मा. दाट झाडीत तीस यार्डांवर हरीण उभे राहिले आणि दुर्बीण नवपटीवर ठेवलेली असली, तर भिंगात नुसती राखाडी केसांची भिंत दिसते. ती मान आहे की मांडी, ते कळत नाही.

बदलत्या विवर्धनाची दुर्बीण घ्यावयाची तर दोन ते सात पटींची, ३२ किंवा ३३ मिलिमीटर भिंगाची, ही ठासणीच्या रायफलीला सर्वांत मानवणारी, असे आमचे मत आहे. तीन ते नऊ पटींची दुर्बीण दुकानात सर्वत्र मिळते आणि तीही वाईट नाही. फक्त रानात शिरताना ती तिपटीवर ठेवण्याची सवय अंगी बाणवावी. विवर्धन वाढवावयास वेळ मिळतो, कमी करावयास तो मिळत नाही.

दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवला असता पूर्ण चित्र दिसते, हे अंतर निवडताना विसरू नये. सामान्य दुर्बिणीत ते तीन ते चार इंच असते. हलक्या काडतुसांच्या रायफलींसाठी केलेल्या स्वस्त दुर्बिणीत ते याहून कमी भरते. ठासणीची रायफल खांद्याला जो धक्का देते त्याचे गणित वेगळे आहे. गोळीबरोबर दारूचे वजनही नळीतून पुढे फेकले जाते, आणि दीडशे ग्रेनांचा भार भरला तर ते वजन गोळीच्या निम्म्याहून अधिक होते. त्यामुळे या रायफलीचा धक्का मोठ्या काडतुसांच्या रायफलींच्या तोडीचा असू शकतो. अंतर अपुरे असेल तर दुर्बिणीची कड भुवईवर आदळते आणि अर्धचंद्राकृती जखम करते. चढावर पडून वरच्या दिशेने नेम धरताना डोके पुढे सरकते, तेव्हा हा धोका वाढतो. जखम पाच-सात दिवसांत भरते, पण मनात भीती राहते, आणि पुढच्या प्रत्येक वेळी चाप ओढताना माणूस डोळे मिटतो. साडेतीन इंचांहून कमी अंतराची दुर्बीण या कामी घेऊच नये. चार इंच मिळाले तर उत्तम.

दृष्टिभेदाविषयी थोडक्यात सांगता येईल. डोळा किंचित हलवला असता दुर्बिणीतील फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, यास शास्त्रात पराशय म्हणतात. कारखान्यात दुर्बीण एका ठरावीक अंतरावर अशी जुळवलेली असते की तेथे हा दोष शून्य होतो. लांब पल्ल्याच्या रायफलींसाठी हे अंतर शंभर ते दीडशे यार्ड असते, छऱ्याच्या आणि ठासणीच्या बंदुकांसाठी केलेल्या दुर्बिणीत बहुधा पाऊणशे ते शंभर. कमी विवर्धनाच्या दुर्बिणीत या फरकाने हरीण चुकत नाही. केवळ यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

फुलीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मुख्य फुलीखाली तीन-चार लहान खुणा असलेल्या दुर्बिणी ठासणीच्या रायफलींसाठी म्हणून विकल्या जातात. पहिली खूण दोनशे यार्डांची, दुसरी अडीचशेची, असे सांगितले जाते. या खुणा कारखान्याने एका विशिष्ट गोळीसाठी, विशिष्ट भारासाठी आणि विशिष्ट वेगासाठी आखलेल्या असतात. काडतुसात दारू कारखान्यातून मोजून येते. ठासणीच्या रायफलीत ती शिकारी स्वतः भरतो, तीही वजनाने नव्हे तर मापाने. दारूचा प्रकार बदलला, गोळी बदलली की वेग बदलतो आणि खुणांचा अर्थही बदलतो. पुन्हा, बदलत्या विवर्धनाच्या बहुतेक दुर्बिणींत या खुणा एकाच विवर्धनावर खऱ्या ठरतात. सांजेच्या अंधुक प्रकाशात जाड दांड्यांची, मध्यभागी बारीक होत जाणारी साधी फुली केव्हाही बरी.

दुर्बीण बसवावयाची कोठे, हा प्रश्न जुन्या धर्तीच्या बंदुकीत अवघड होतो. चकमकीच्या बंदुकीत रंजकाची वाटी नळीच्या उजव्या अंगाला असते, आणि तिचा भडका दुर्बिणीच्या काचांना व धातूला लागतो. केपेच्या बंदुकीत घोडा उचलताना त्याचा माथा दुर्बिणीच्या नळीवर आपटतो, आणि गारठलेल्या बोटांनी केप चढवणे दुर्बिणीखालच्या सापटीत फार जिकिरीचे होते. केपेभोवतीच्या फटीतून बाहेर पडणारा तप्त वायू प्रत्येक बाराला दुर्बिणीच्या त्याच जागी लागतो. अशा बंदुकीचे सौंदर्यही दुर्बिणीने जाते, असे आम्हाला वाटते. परंतु हा रुचीचा प्रश्न झाला. सरळ रेषेच्या रायफलीत या अडचणी बहुतांशी नाहीत. तेथे पाहावयाचे ते इतकेच, की दुर्बीण शक्य तितकी खाली बसावी, तिची कडी पोलादाची किंवा चांगल्या प्रतीच्या ॲल्युमिनियमची असावीत, आणि नळीचा मागचा पेच साफसफाईसाठी काढताना दुर्बीण उतरवावी लागू नये. दुर्बीण एकदा उतरवली की नेम पुन्हा जुळवावा लागतो. काळ्या दारूचा मळ हवेतील ओल शोषून घेतो आणि लोखंड खातो, म्हणून बंदूक त्याच दिवशी धुवावी लागते. ते काळे पाणी कड्यांच्या स्क्रूंत शिरते; तेथे दरवेळी तेलाचे बोट फिरवावे.

नेम जुळवताना या बंदुकीचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. दुर्बिणीच्या चकतीची एक टिचकी बहुधा शंभर यार्डांवर गोळी पाव इंच सरकवते. पन्नास यार्डांवर हेच अंतर इंचाचा आठवा हिस्सा होते. समजा, पन्नास यार्डांवर गोळ्या तीन इंच डावीकडे लागत आहेत, तर चोवीस टिचक्या उजवीकडे द्याव्या लागतील. पहिले बार पंचवीस यार्डांवर मारावेत, मग शंभरावर जावे. दर बारानंतर नळीत ओली चिंधी आणि मागोमाग कोरडी फिरवावी, नळी निवू द्यावी, आणि तीन गोळ्या लागल्याखेरीज चकतीला हात लावू नये. एवढे करता सकाळ निघून जाते. घाई करणारे शिकारी तापलेल्या, मळलेल्या नळीवर नेम जुळवतात आणि हंगामात थंड, तेल लावलेल्या नळीने पहिला बार मारतात. तेलकट नळीचा पहिला बार वेगळ्याच ठिकाणी जातो. शिकारीत तर तोच एक बार असतो. यासाठी रानात जाताना नळी ज्या स्थितीत असेल, त्याच स्थितीतील पहिला बार कोठे लागतो, हे दोन-तीन निरनिराळ्या दिवशी पाहून ठेवावे. दारूविषयीही एक इशारा येथेच द्यावयास हवा. बिनधुराची आधुनिक दारू साध्या ठासणीच्या नळीत चुकूनही घालू नये, नळी फुटते.

दुर्बीण रायफलीवर असली म्हणजे तिच्यातून रान न्याहाळण्याचा मोह होतो. झुडपात काही हालले की माणूस बंदूक उचलून त्यातून पाहतो. असे करताना भरलेल्या बंदुकीचे तोंड त्या हालचालीकडे वळलेले असते, आणि ती हालचाल दुसऱ्या शिकाऱ्याची असू शकते. काडतुसाची बंदूक क्षणात रिकामी करता येते, ठासणीची येत नाही. फार तर केप काढून ठेवता येते. रान पाहण्यासाठी गळ्यात वेगळी द्विनेत्री दुर्बीण असावी. रायफलीवरील दुर्बिणीतून पाहावयाचे ते हरीण आहे याची खात्री पटल्यावरच.

थंडी आणि ओल यांच्यापुढे महागडी दुर्बीणही कधी कधी हार मानते. आत नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीत आतून धुके धरत नाही. बाहेरून मात्र धरते. रात्रभर उबदार खोपटात ठेवलेली रायफल पहाटे गोठणबिंदूखालच्या थंडीत नेली तरी काही वेळ निभावते. खरी अडचण उलट होते. थंडगार रायफल जेवणासाठी उबेत आणली की काचांवर, नळीवर आणि नळीच्या आतही दव जमते. दारू ओलावते. म्हणून जाणते शिकारी हंगामात रायफल खोपटाबाहेर, केप काढून, पावसापासून आडोशाला आणि कुलूपबंद ठेवतात. मचाणात बसल्यावर आपलाच श्वास मागच्या भिंगावर बसतो. नेम धरताना तो नाकाने खाली सोडावा. काचांवर साधी रबरी झाकणे असावीत आणि ती एका हाताने, आवाज न करता निघतात का, हे घरीच पाहून ठेवावे.

बार सुटल्यानंतर जे घडते, त्यात दुर्बिणीचा उपयोग नसतो. काळ्या दारूचा पांढरा धूर समोर पसरतो आणि दोन-चार सेकंद काहीच दिसत नाही. उघड्या नेमाने मारणारा शिकारी धुराच्या कडेने पाहू शकतो. दुर्बिणीला डोळा लावलेल्याला हरीण कोणत्या बाजूला गेले तेही कळत नाही. शिवाय विवर्धित चित्रात पाहिलेली जागा उघड्या डोळ्यांनी शोधू गेले असता ती सापडत नाही. झाडे निराळीच दिसू लागतात. यासाठी नेम धरण्याआधीच हरणामागचे एखादे झाड, ओंडका किंवा दगड मनाशी ठरवून ठेवावा. धूर विरल्यावर जागेवरून न हलता पुन्हा बार भरावा, ती खूण नजरेने पकडावी, अर्धा तास थांबावे, आणि मग सरळ त्या खुणेकडे चालत जाऊन जमिनीवर केस व रक्त शोधावे.